वर सरकलेली फळी

दिवाळीच्या आठ दिवस आधी, पितळेची भांडी घासायला काढायच्या सकाळी, जेठीबेनच्या लक्षात आलं की स्वयंपाकघरातली फळी कुणीतरी वर चढवली आहे. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली ती अभराई, तिच्यावर ओळीने मांडलेले हंडे, लोटे आणि मागे उभी केलेली ताटं. जेठीबेनने टाचा उचलल्या, हात ताणला, पण बोटं फळीच्या खालच्या अंगाला टेकली आणि तिथेच राहिली. पन्नास वर्षं ती ही भांडी स्वतःच्या हाताने उतरवत होती, चिंच आणि राख लावून घासत होती आणि होती तशी परत मांडत होती. सासू वारल्यापासून त्या फळीला दुसऱ्या बाईचा हात लागलेला नव्हता.

मग तिला आठवलं. उन्हाळ्यात ती मुलीकडे आठ दिवस राहायला गेली होती आणि नेमक्या त्याच आठ दिवसांत सून दक्षाने गवंडी बोलावून घराला रंग दिला होता. आजवर रंग द्यायचा तर आधी जेठीबेनला विचारलं जाई. या खेपेला तिने घरी परत येऊन बघितलं तो भिंती हिरव्या झालेल्या.

ती काही बोलली नाही. लगेच तोंड उघडलं की चोर सावध होतो, हे ती दूधमंडळीत शिकली होती. वीस वर्षांपूर्वी, गावचं दूध जिथे जमा होतं त्या मंडळीत, यंत्रावर दुधाचा कस तपासायला बसणारा इसम नमुन्याला म्हणून दूध जरा जास्तच काढायचा आणि उरलेलं स्वतःच्या किटलीत जिरवायचा. बाया दूध ओतून, बोलत बोलत घरी जायच्या. जेठीबेन गेली नाही. ती पदर तोंडावर ओढून पंधरा दिवस रोज सकाळ-संध्याकाळ त्या यंत्राशेजारी उभी राहिली आणि सोळाव्या दिवशी तिने ती किटली उचलून सगळ्यांसमोर ओट्यावर पालथी केली. तेव्हापासून गावात कुणाला कसला वहीम आला की माणसं आधी जेठीबेनच्या अंगणात येऊन बसत. म्हैस विकत घेणारा दात बघतो, तसं ही बाई माणसाचं बोलणं उघडून बघते, असं लोक म्हणत आणि ते तिला आवडत असे.

दक्षानेच पुढे होऊन भांडी उतरवली. वाकून, घासून, परत मांडलीही. मोठा हंडा मात्र तिने उजवीकडे ठेवला. तो डावीकडे असायचा. जेठीबेनने तेही मनात नोंदवून ठेवलं.

एकदा डोळा उघडला की काय काय दिसायला लागतं. तिचे घागरे जमिनीवर लोळू लागले होते. स्वतः शिवून घेतलेले, मापाचे घागरे. म्हणजे कुणीतरी बदलले असणार. पाण्याच्या माठाची घडवंची उंच वाटत होती. गोठ्याच्या भिंतीतला खुंटा, जिथे ती दोर अडकवायची, तोही वर गेला होता. सगळं घर हळूहळू तिच्या हाताबाहेर नेऊन ठेवण्याचा हा डाव होता आणि तो इतका सावकाश चालला होता की पोरगा जयंती, घरचा कर्ता असून, त्याला पत्ता नव्हता. जयंतीला कशाचाच पत्ता नसतो ही गोष्ट वेगळी.

मुलगी मंजुलाचा फोन आला तेव्हा जेठीबेनने दार लावून तिला सगळं सांगितलं. मंजुला गावापासून चाळीस कोसांवर राहत होती आणि तिथून तिला सगळं स्पष्ट दिसत होतं. आईला घरात सगळे बा म्हणत. मंजुला म्हणाली, भाभी गोड बोलते तेव्हाच मला शंका येते. तू मामांना बोलव बा, आणि चूल वेगळी करून टाक. मागची खोली तुझी, नव्या वेताची म्हैस तुझी. जेठीबेन म्हणाली, आधी पुरावा.

पाठ दुखत होती हे खरं. श्रावणात दुधाचा भरलेला कॅन उचलताना पाठीत कट्ट झालं होतं, तेव्हापासून. आधी ती शेक घेऊन गप्प बसली. मग खोकला आला तरी डोळ्यांत पाणी येऊ लागलं, तसं दिवाळी झाल्यावर दक्षा तिला पालनपूरला मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. जयंती नाही गेला, दक्षाच गेली, आणि हेही जेठीबेनला खटकलंच.

तिथे तिला एका फळकुटावर निजवलं आणि एक यंत्र अंगावरून सावकाश फिरवलं. टोचलं नाही, भाजलं नाही, काही जाणवलंसुद्धा नाही. ज्या तपासणीत काही जाणवत नाही तिच्यातून काही कळत असेल यावर तिचा विश्वास बसेना. मग डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडाला धरली आणि सांगितलं की पाठीच्या कण्यातले तीन मणके चेपले आहेत, हाडं आतून विरळ झाली आहेत.

"मी पडले कधी?" जेठीबेनने विचारलं.

"पडावं लागत नाही, बा. हाड इतकं पोकळ झालं की कॅन उचलला तरी मणका दबतो. म्हणून तर तुम्ही वाकलात. उंची कमी झाली आहे तुमची. पूर्वी किती होती?"

उत्तर दक्षाने दिलं. तिने हात स्वतःच्या डोक्याच्या वर तीन बोटं धरला आणि म्हणाली, मी लग्न होऊन आले तेव्हा बा इतक्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी जेठीबेनला भिंतीशी उभं केलं, मोजलं आणि मान हलवली. चार इंच तरी गेली, म्हणाल्या.

जेठीबेनच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे दोघींनी आधीच ठरवलेलं होतं. फळीचं बिंग फुटायच्या आत सुनेने डॉक्टरच्या तोंडून वदवून घेतलं की फळी वर गेली नाही, म्हातारीच खाली आली. इतकी हुशार असेल असं वाटलं नव्हतं. माणसाची चार इंच उंची जाते कुठे? ती काही तळहातावरचं लोणी नव्हे. लग्नात ती हरजीभाईंपेक्षा चार बोटं उंच निघाली होती आणि वरपक्षाच्या बायका म्हणाल्या होत्या की नवरीला बसवूनच फेरे घ्या. हरजीभाई गेले त्याला बारा वर्षं झाली, पण गाव अजून तिला 'उंच जेठी' म्हणूनच ओळखत होतं.

आणि मग डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं त्याने तर उरलीसुरली शंका फिटली. कॅन उचलायचा नाही. वाकून झाडायचं नाही. उकिडवं बसून धार काढायची नाही. उंचावरचं काही काढायला चढायचं नाही, कारण आता पडलात तर खुब्याचं हाड मोडेल आणि मग अंथरुणातून उठणं कठीण. सकाळच्या उन्हात बसायचं, सपाट रस्त्यावर रोज चालायचं. उन्हाचं ऐकून जेठीबेनला हसू आलं. सगळं आयुष्य उन्हात गेलं होतं तिचं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पण उघड्या अंगाला ऊन लागलं का कधी? जेठीबेनच्या हातातलं एकेक काम काढून कुणाच्या हातात जाणार होतं, याचा ती हिशेब करत होती. धार दक्षाच्या हातात, कॅन दक्षाच्या हातात, फळी तर गेलीच होती.

शिवाय गोळ्या. एक रोजची आणि एक आठवड्यातून एकदाच, दर सोमवारी. या सोमवारच्या गोळीचे नियम ऐकून तर कुणाच्याही मनात पाल चुकचुकली असती. पहाटे उठल्यावर उपाशीपोटी, मोठा पेलाभर साध्या पाण्याबरोबर. चहा नाही, दूध नाही. आणि गिळल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. दक्षा हे सगळं अगदी काटेकोर पाळायची. गोळी हातात देऊन समोर बसून राहायची, चहाचं नाव काढू द्यायची नाही, म्हातारी जरा भिंतीला कलली की म्हणायची, "बा, ताठ बसा, अजून दहा मिनिटं."

जे औषध चहाबरोबर चालत नाही ते औषधच नव्हे, अशी जेठीबेनची पक्की समजूत झाली. ती गोळी तोंडात टाकल्यासारखं करायची, पाणी प्यायची आणि गोळी मुठीत ठेवायची. पदराआड हात गेला की गोळी गाठीत. सहा सोमवारांच्या सहा गोळ्या तिने पेंडीच्या कोठीमागच्या कोनाड्यात एका चिंधीत बांधून ठेवल्या आणि केरातून रिकामं पाकीटही उचलून सोबत ठेवलं. मग भावाला, मफतभाईला, निरोप धाडला की येत्या रविवारी ये, वाटणीचं बोलायचं आहे. चूल वेगळी करायची आणि सुनेचं कारस्थान चार शब्दांत सगळ्यांसमोर मांडायचं, एवढं तिने ठरवून टाकलं. जयंती बायकोची बाजू घेणार, मग त्या दोघांनी शेतातल्या खोलीवर जाऊन राहावं. दक्षा या घरात बावीस वर्षं होती. रविवारनंतर नसणार होती.

बुधवारी म्हैस व्याली. रेडी झाली, सगळं नीट झालं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी म्हैस बसली ती उठेना. मान एका अंगाला वळवून पडली, कान गार पडले. जेठीबेनने एका नजरेत ओळखलं आणि मंडळीच्या गुरांच्या डॉक्टरला फोन लावायला सांगितलं. तासाभरात नरसंगभाई फटफटीवरून आले. गावात माणसाच्या डॉक्टरवर विश्वास ठेवणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर होतं, पण नरसंगभाईंचा शब्द मोडल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्यांनी बाटली कोमट पाण्यात धरली, मानेतली शीर शोधली आणि कॅल्शियम थेंब थेंब सोडू लागले.

दक्षा गरम पाणी आणायला आत गेली तशी जेठीबेनने कोनाड्यातली चिंधी आणली आणि त्यांच्यासमोर उघडली.

"नरसंगभाई, तुमच्याकडे तपासायचं काही असेल तर हे बघा. यात काय घातलंय?"

नरसंगभाईंनी एका हाताने बाटली धरूनच पाकीट वाचलं. ते हसले असते तर जेठीबेनने चिंधी गुंडाळून नेली असती, पण ते हसले नाहीत. त्यांनी सांगितलं, ही हाडांची गोळी आहे, आठवड्याला एक.

"मग चहा का नको? लवंडायचं का नाही?"

"चहातलं दूध पोटात असलं तर गोळी अंगाला लागतच नाही. आणि गिळून आडवं झालात तर ती नळीत अडकते, आतून भाजते. म्हणून भरपूर पाणी आणि ताठ बसणं. कुणी सांगितलं हे तुम्हाला?"

"सुनेने."

"बरोबर सांगितलं."

"तिने तुम्हाला चहा पाजलाय का?"

"अजून तरी नाही," नरसंगभाई म्हणाले आणि बाटली थोडी वर धरली. मग म्हशीच्या मानेवर थोपटत ते बोलत राहिले. ही का बसली, ठाऊक आहे ना बा? अंगातलं कॅल्शियम सगळं दुधात उतरलं, हिच्यासाठी उरलं नाही. हिचं एका दिवसात झालं म्हणून दिसलं. माणसाचं वर्षानुवर्षं चालतं म्हणून दिसत नाही. अंगाला कमी पडलं की अंग हाडांतून काढून घेतं आणि बाईची पाळी गेली की जास्तच घेतं. तुमची कधी गेली? जेठीबेनने दुसऱ्या कुणा पुरुषाला याचं उत्तर दिलं नसतं. नरसंगभाईंना ती म्हणाली, चाळिशीतच.

"आणि दूध किती पीत होता?"

या प्रश्नावर ती चिडली. दूध पिण्यासाठी असतं का? दूध मंडळीत घालायचं असतं. मंडळी गावात आली त्या वर्षापासून घरात घुसळण बंद झालं, ताकही गेलं आणि रवीचा दोर वासराला बांधायला लागला. पोरांना पेलाभर, पुरुषांना पेलाभर, बाकी कॅनमध्ये. बायकांनी चहाला रंग येईल इतकं ठेवलं तरी पुष्कळ. हे तिने नरसंगभाईंना सुनावलं. थोड्या वेळाने म्हशीने कान हलवले, पुढचे गुडघे मोडले आणि ती उठून उभी राहिली.

नरसंगभाईंना कुणी विकत घेतलं असेल हे जेठीबेनला पटेना, आणि तिची खरी पंचाईत तिथे सुरू झाली. गोळी खरी असेल तर डॉक्टरीणबाई खऱ्या. त्या खऱ्या असतील तर फळीचं काय? त्या रात्री तिला झोप लागली नाही. शुक्रवारी दुपारी दक्षा चारा आणायला गेली आणि जयंती सोसायटीत, तशी जेठीबेनने दाराला कडी घातली, बादली पालथी घातली आणि भिंतीला धरून तिच्यावर चढली. चढायचं नाही असं सांगितलेलं तिला आठवत होतं. पण पुरावा वर होता.

फळी भिंतीत रोवलेल्या लाकडी खुंट्यांवर होती. खुंटा वर हलवला असेल तर खाली जुनं भोक बुजवल्याची खूण राहणार. ती खूण तिला सापडेना. तिने खुंटा आणि भिंत जिथे मिळतात तिथे नखाने खरवडलं. हिरवा रंग निघाला. त्याच्याखाली निळा, जयंतीच्या लग्नात तिने स्वतः पसंत केलेला. निळ्याच्या खाली पांढरा चुना, तिच्या स्वतःच्या लग्नातला. तिन्ही थर खुंट्यावरून भिंतीवर अखंड उतरले होते, कुठे चीर नव्हती. तिने दुसरा खुंटा खरवडला. मग तिसरा. फळी पन्नास वर्षं होती तिथेच होती.

आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं की तपास केला नसता तर बरं झालं असतं. फळी वर सरकलेली असती, सून चोर असती, घर फुटलं असतं, तरी ती उंच राहिली असती. आता खाली जमीन दिसत होती, आणि तिला उतरता येत नव्हतं.

दारावर थाप पडली. कडी आहे म्हटल्यावर दक्षा मागच्या गोठ्याच्या दाराने आत आली. ती ओरडली नाही.

"बा, हलू नका. माझ्या खांद्यावर हात ठेवा. दोन्ही."

जेठीबेन उतरली. उतरल्यावरही तिने हात काढले नाहीत, कारण तिला काहीतरी बघायचं होतं. दक्षा लग्न होऊन आली तेव्हा तिचे डोळे जेठीबेनच्या नाकासमोर येत होते. आता जेठीबेनचे डोळे तिच्या नाकाच्या समोर होते.

"किती दिवस झाले?" तिने विचारलं.

"कशाला?"

"मला आखूड होऊन."

"पाच-सहा वर्षं. रोज थोडं थोडं. आधी मला वाटलं माझाच भास."

"मग सांगितलं का नाहीस?"

दक्षा भिंतीवरचे खरवडे बघत होती. "मी सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं?"

जेठीबेनने विचारलं की गोळ्या घेतल्या तर गेलेली उंची परत येईल का. दक्षा म्हणाली, डॉक्टरीणबाई म्हणाल्या नाही येणार, पण आहे ती राहील, उरलेली हाडं टिकतील. जेठीबेन भिंतीला टेकून बसली आणि रडली. हरजीभाई गेले तेव्हा ती इतकी रडली नव्हती. तेव्हा निदान घराला कळलं होतं की कुणीतरी गेलं.

रविवारी सकाळी मफतभाई पागोटं बांधून, गंभीर चेहरा करून आला. धार काढून झाली होती, कॅन ओसरीवर भरून ठेवला होता. मामेसासरे आले म्हणून दक्षाने पदर हनुवटीपर्यंत ओढून घेतला आणि ती खांबाआड उभी राहिली. जयंती मान खाली घालून बसला. निरोपाचा अर्थ त्यालाही कळला होता. मफतभाई म्हणाला, हं, सांग बेन, काय झालंय आणि कुणाचं किती करायचं.

जेठीबेनने लगेच तोंड उघडलं नाही. सगळ्यांसमोर चुकले म्हणायची तिला सवय नव्हती. शेवटी ती म्हणाली, "घरात चोरी झाली, एवढं खरं आहे. पण ती हिने नाही केली. मी बोलावलं ते चुकीचं बोलावलं."

"मग केली कुणी?"

ती दक्षाकडे बघत होती, अगदी त्या यंत्राशेजारी उभी राहून बघायची तशी. दक्षाला त्रेचाळिसावं लागलं होतं. गेले काही महिने तिला घाम फुटत होता, पाळी मागेपुढे होत होती. हे जेठीबेनला माहीत होतं, पण तिने त्याचा काही अर्थ लावला नव्हता. "तू दूध पितेस का ग?" तिने विचारलं. पदराआडून दक्षा म्हणाली, पिते की.

"कधी?"

"रात्री."

जेठीबेनला खोटं बोलणं ओळखायला अजून चष्मा लागत नव्हता. तिने कॅनचं झाकण काढलं. कॅनमधलं दूध मंडळीत पोचायच्या आधी कुणी काढल्याचं त्या घरात कधी घडलं नव्हतं. जयंतीने मान वर करून पाहिलं. तिने मोठा पेला बुडवून भरला आणि सुनेसमोर धरला.

"आत्ता पी. माझ्यासमोर."

दक्षा गोंधळली. मामेसासऱ्यांसमोर खाणं-पिणं सोडा, तोंड दाखवायचीही रीत नव्हती. बा, मंडळी बंद होईल, मी नंतर पिते, ती कुजबुजली. पण पेला हटला नाही. शेवटी तिने तो पदराच्या आत घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. घोट घेतल्याचा आवाज येत नव्हता. जेठीबेन पुढे झाली आणि दूध खरंच पोटात जातंय की नाही हे बघायला तिने सख्ख्या भावासमोर सुनेचा पदर दोन्ही हातांनी वर उचलला.

मफतभाईने घाईघाईने तोंड फिरवलं. दक्षा रडत होती आणि पेला अर्धा होता.

"अजून," जेठीबेन म्हणाली. पेला रिकामा होईपर्यंत तिने पदर खाली सोडला नाही.